सीएसएमटीचा नकाशा काढणाऱ्यांना खुलं पत्र: इथं जिना लागत नाही, तो लावू नका

प्रति,
सीएसएमटीच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, पुनर्विकासाचा नकाशा ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर आहे ती सर्व मंडळी,
मुंबई.

स. न. वि. वि.

हे पत्र कुणा एकाच्या नावानं लिहायचं असं ठरवलं होतं, पण ते नाव काही सापडेना. गाडी रेल्वेची, रस्ता महापालिकेचा, बस बेस्टची, मेट्रो मेट्रोवाल्यांची, सिग्नल ट्रॅफिक पोलिसांचा, आणि एखाद्या दगडाला हात लावायचा तर हेरिटेज समितीची परवानगी. उतरणारा माणूस मात्र एकटाच असतो आणि दहा मिनिटांत तो तुमच्या सगळ्यांच्या हद्दीतून जातो. म्हणून पत्र सगळ्यांना.

मी इथली रोजची. १९९६ साली, म्हणजे व्हीटीचं (व्हिक्टोरिया टर्मिनसचं) नाव बदललं त्याच वर्षी, फोर्टात नोकरी लागली आणि पहिला पास काढला. पुढं २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ आलं. तरी टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगितलं की तो मान वळवून विचारतोच, “व्हीटी ना?” माझ्याही तोंडी अधूनमधून तेच येतं. पत्रात सीएसएमटीच लिहिणार आहे, कुठं घसरले तर समजून घ्या.

इतकी वर्षं ये-जा करूनही या स्टेशनाची एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती दाखवायला आत्याला यावं लागलं.

दिवाळीनंतर ती कोकणातून आली. गाडी लांबच्या गाड्यांच्या फलाटावर लागली. आत्या म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन चार वर्षं पुढं ढकलत आलेली बाई. एका हातात काठी, खांद्याला “ही मीच धरते” म्हणून कुणाला न दिलेली आमसुलांची पिशवी. चाकांची बॅग माझ्याकडे. आम्ही गर्दीबरोबर चालत निघालो. इंजिन मागं पडलं, रुळांच्या टोकाचा बंपर मागं पडला, आणि आत्या थांबून इकडंतिकडं बघायला लागली.

“जिना कुठाय?”

ठाण्याला उतरा, दादरला उतरा, कुर्ल्याला उतरा, पहिली नजर जिन्याकडे जाते. तिची ती सवय. म्हटलं, इथं जिना नाही. तिला खरंच वाटेना. “अख्ख्या स्टेशनात?” अख्ख्या स्टेशनात. डब्यातून उतरायचं आणि सपाट चालत रस्त्यावर यायचं. उत्तरेच्या टोकाला पूल आहेत, पण ते ज्याला हवे त्यानं चढावेत. बंपरकडे येणाऱ्याला एक पायरीही चढावी लागत नाही.

या शेवटच्या स्टेशनाची सगळी मेख त्यातच आहे. मधल्या स्टेशनात रूळ आरपार गेलेले असतात, म्हणून माणसाला वरून नाहीतर खालून जावं लागतं. इथं रूळ संपतात. अठराच्या अठरा फलाट बंपरापलीकडच्या मोकळ्या जागेला येऊन मिळतात: एक-दोन हार्बरचे, तीन ते सात मेन लाइनच्या लोकलचे, आठ ते अठरा लांबच्या गाड्यांचे. सगळं एका पातळीवर. आत्यासारख्या माणसाला हे सोनं आहे, आणि दिव्यांग डब्यातून उतरणाऱ्याला, पोर कडेवर घेतलेल्या बाईला, डोक्यावर तीन बॅगा घेतलेल्या हमालालाही.

१६ एप्रिल १८५३ ला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे माणसं घेऊन ठाण्याला निघाली ती याच बोरीबंदरातून. आजची इमारत त्यानंतरची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं आखलेली, १८७८ मध्ये काम सुरू झालेली आणि १८८८ मध्ये पुरी झालेली. इमारतीबाहेर तेव्हा ट्राम होती, आधी घोड्यांची, मग विजेची. ट्रामही रस्त्याच्याच पातळीवरची. गाडीतून उतरा, चार पावलं चाला, ट्रामचा दांडा धरा. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली तीही बोरीबंदर ते दादर. आज आपण ज्याला मोठ्या तोंडानं ‘मल्टिमोडल हब’ म्हणतो ते इथं शंभर वर्षांपूर्वी चालू होतं. कुणी त्याला नाव दिलं नव्हतं, एवढंच.

आता तुमच्या नकाशाकडे येते. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला सुमारे १०,००० कोटी रुपयांची मंजुरी दिली. २०२३ मध्ये इथल्या कामाचं कंत्राट सुमारे २,४५० कोटींना गेलं. मंजुरीच्या वेळी जे सांगितलं गेलं त्यात वरचा प्रशस्त ‘रूफ प्लाझा’ होता, तिथं खाण्यापिण्याची दुकानं आणि बसायची सोय होती, येणाऱ्यांच्या आणि जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या होत्या, मेट्रो-बसशी जोडणी होती. जोडणीबद्दल आणि वेगळ्या वाटांबद्दल तुमचे आभारच मानते. संध्याकाळी सहा वाजता लोकलच्या बंपरांपुढं उभं राहून पाहा. येणारा लोंढा आणि जाणारा लोंढा छातीला छाती लावून एकमेकांतून कसा जातो, हे तुम्हाला कुठल्याच सर्वेक्षणात इतकं नीट दिसणार नाही.

पण तो प्लाझा. नवी दिल्ली किंवा अहमदाबाद आरपार रुळांची स्टेशनं आहेत. तिथं माणसाला रूळ ओलांडायला वर जावंच लागतं. मग वर गेलाच आहे तर तिथं बसायला-खायला जागा करू, हे समजण्यासारखं आहे. शेवटच्या स्टेशनात तोच साचा आणून बसवला, तर आजवर सपाट चालणारा माणूस उगाच एक मजला चढणार आणि उतरणार. सरकते जिने असतील, लिफ्ट असतील, मान्य. सरकता जिना बंद पडला की तो साधा जिना होतो, तोही जास्त उंच पायऱ्यांचा. आणि लिफ्टपुढच्या रांगेत कोण उभं असतं? ज्याला खरी गरज आहे तो सर्वात मागं.

छप्पर बांधा. दुकानंही काढा, माझी काही हरकत नाही. त्या भाड्यातून देखभाल होणार असेल तर उत्तमच. फक्त डबा ते रस्ता ही वाट जमिनीवर राहू द्या, आणि त्या वाटेवर दुकान आडवं येऊ देऊ नका. ज्याला वडा खायचा आहे तो वर जाईल. घरी जायचं आहे त्याला कशाला वर न्यायचं?

आत्याची गोष्ट अर्धवट राहिली. तिला गिरगावात जायचं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली: आरेपासून ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. सीएसएमटीत बसलं की काळबादेवी, मग गिरगाव. दोन स्टेशनं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, “तुला भुयारातून घेऊन जाते, पाच मिनिटांत गिरगाव.” लांबच्या गाडीच्या फलाटापासून निघालो. दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या खरखरीत लाद्यांवरून बॅगेचं चाक टकटक करत उडत होतं. (त्या लाद्या हव्यातच. शेजारी चाकांनाही हातभर गुळगुळीत वाट हवी, एवढंच म्हणणं.) एका हमालाला विचारलं, त्यानं हनुवटीनं एक दिशा दाखवली. कॉलेजच्या पोरानं फोन बघून दुसरी दाखवली. मी रोजची असून माझीही जराशी फसगत झाली, कारण माझी रोजची वाट लोकलची. लांबच्या गाड्यांची बाजू मला पाहुण्यांपुरतीच माहीत. मधे आत्या एका खांबाला टेकली आणि म्हणाली, “मेट्रो राहू दे. आधी चहा पाज.” चहा झाला, टॅक्सी केली.

यात कुणाची चूक काढायची नाही. गाडी वेळेवर आली होती, मेट्रोही वेळेवर धावत असणार. अडलं ते दोन्हींच्या मधल्या तुकड्यात. त्या तुकड्याचं वेळापत्रक नसतं, त्याला स्टेशनमास्तर नसतो, आणि नकाशावर तो पांढरा कोरा असतो. तुमच्या प्रत्येकाच्या आराखड्यात तुमची हद्द रंगवलेली असेल. माझी विनंती अशी की एकदा उलटं करा. आधी तो कोरा तुकडा रंगवा. कुठल्या फलाटावरून कुठल्या बसपर्यंत, कुठल्या टॅक्सीपर्यंत, मेट्रोच्या कुठल्या दारापर्यंत माणूस कसा चालेल, कुठं वळेल, कुठं टेकेल. इमारती त्या रेषांच्या कडेनं बसवा.

मधल्या तुकड्याला मालक नसला की काय होतं ते आपण इथंच पाहिलंय. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळच्या गर्दीत स्टेशनाबाहेरचा हिमालय पूल कोसळला. माणसं गेली, तीसच्या वर जखमी झाली. त्याआधीच्या तपासणीत तो पूल किरकोळ दुरुस्ती सोडता वापरण्याजोगा ठरलेला होता. आणि त्या रात्री पहिला वाद कशावर झाला, तर पूल कुणाचा, रेल्वेचा की महापालिकेचा. नवा पूल २०२३ मध्ये झाला. मी त्यावरून जाते. जाताना पाय जरा भरभर पडतात, अजूनही.

सपाट स्टेशनाबाहेर पडल्याबरोबर काय लागतं? सबवे. पायऱ्या उतरा, मोबाइलची कव्हरं, पट्टे, छत्र्या यांच्यामधून वाट काढा, योग्य तोंड शोधा, पायऱ्या चढा. चुकीच्या तोंडानं वर आलात तर पुन्हा खाली. आत जे स्टीव्हन्सनं वाचवलं ते बाहेर आपण व्याजासकट वसूल करतो. मोटारींना रस्ता मोकळा मिळावा म्हणून माणसाला जमिनीखाली पाठवायचं हा हिशेब एकेकाळी साऱ्या जगानं केला, मुंबईनंही केला. आता तो पुन्हा मांडायला हरकत नसावी. महापालिकेच्या इमारतीसमोर माणसांसाठी पुरेसा वेळ देणारा सिग्नल आणि रुंद झेब्रा क्रॉसिंग याला २,४५० कोटी लागत नाहीत. मेट्रो जमिनीखाली आहे, तिच्यासाठी उतरावंच लागणार. पण एकदाच उतरावं लागू दे. रस्त्यासाठी उतर, वर ये, मेट्रोसाठी पुन्हा उतर, असं नको.

परदेशाचे दाखले दिले की आपल्याकडे लोक कपाळाला आठ्या घालतात, तरी दोन देते, कारण तुमच्या सादरीकरणात त्यांचे फोटो असणारच. अमेरिकेतल्या डेन्व्हरचं युनियन स्टेशन २०१४ मध्ये नव्यानं उघडलं. जुन्या इमारतीत हॉटेल, मोठ्या दालनात खुर्च्या-सोफे टाकून सगळ्या गावाची बैठक, मागं लोकल गाड्या, जमिनीखाली २२ फलाटांचं बसस्थानक. फार कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण तिथली लाइट रेल, म्हणजे आपल्या मेट्रोची धाकटी बहीण म्हणा, जुन्या इमारतीपासून दोन चौक पलीकडे गेली. त्यांनी एक शहाणपणा केला. मधलं अंतर भरायला ते भुयारी बसस्थानकच लांबट बांधलं, म्हणजे चालणारा माणूस ऊन-बर्फ चुकवत बसच्या दारांवरूनच पुढं जातो. अंतर गेलं नाही, पण ते वाया गेलं नाही. आपल्या मधल्या तुकड्यात असं काय ठेवता येईल, याचा विचार तुमच्याकडे कुणी करतंय का?

दुसरा न्यू यॉर्कचा. तिथलं जुनं पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, नंतर हळहळ झाली, आणि २०२१ मध्ये समोरच्या जुन्या पोस्टाच्या इमारतीत नवं दालन उघडलं. (आपलंही जीपीओ शेजारीच आहे, पण नको, कुणाला कल्पना सुचायची.) दालन देखणं आहे. उघडल्याबरोबर ओरड कशाची झाली? बसायला बाकडी नाहीत. ज्यांच्याकडे तिकीट आहे त्यांना प्रतीक्षा-खोलीत जागा, बाकीच्यांनी उभं राहा.

हेरिटेजबद्दल मी फार लिहिणार नाही. ते जाणकार तुमच्यात आहेत, आणि २००४ पासून इमारत जागतिक वारशाच्या यादीत असल्यामुळं कुणी कुदळ घेऊन येईल अशी भीती नाही. दर्शनी भिंतीवरचे मोर आणि माकडं, फाटकावरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची एका हातात मशाल आणि दुसरा हात चाकावर ठेवलेली ‘प्रगती’, हे सगळं जपलं जाईलच. मला भीती वेगळी आहे. जपायचं म्हणून ती इमारत रोजच्या माणसापासून तोडाल की काय.

उत्तरेच्या बाजूचं लोकलचं तिकीटघर पाहा. वर कमानींच्या छतात सोनेरी तारे आहेत, म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात. खाली रांगेत उभा माणूस सुट्टे मोजतोय, कुणी मशीनवर बोट दाबतंय, कुणी पासाची तारीख तपासतंय. वर बघायला कुणाला सवड नाही. एका पावसाळ्यात गाड्या बंद होत्या, तीन तास तिथं अडकले, तेव्हा मी ते तारे पहिल्यांदा नीट पाहिले. शेजारी एक भाजीवाली आपल्या रिकाम्या पाटीवर बसली होती. तीही वर बघत होती. म्हणाली, “बघ की, आपल्याला काय ठाव.” आपल्या तिकिटाच्या पैशातून चाललेल्या महालात आपण रोज येतो, असं जगात फार थोड्या ठिकाणी होत असेल. तिथलं तिकीटघर उठवून काचेआड प्रदर्शन मांडू नका. फोनवर तिकीट निघतं हे मला माहीत आहे. ‘मुंबई वन’ अ‍ॅपवर रेल्वे, मेट्रो, बस मिळून अकरा सेवांची तिकिटं निघतात, मी वापरते. त्या भाजीवालीकडे बटणाचा फोन होता.

सुरक्षेचं म्हणाल तर २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र हे स्टेशन विसरलेलं नाही. अठ्ठावन्न माणसं गेली. उद्घोषकानं केबिनमधून सूचना देत लोकांना दुसऱ्या बाजूनं बाहेर काढलं म्हणून कित्येक वाचली. ती वाचली कारण बाहेर पडायला वाटा होत्या. नव्या आराखड्यात तपासणीसाठी दारं कमी करायचा मोह होईल. करू नका. जी दारं आहेत ती रुंद करा, माणसं वाढवा.

आता माझं मागणं. तुमच्यातल्या प्रत्येक खात्यातून एकेक माणूस द्या. साहेब नको, जो खरोखर रेषा ओढतो तो. एखाद्या मंगळवारी सकाळी, कोकणातल्या गाड्या येण्याच्या वेळेला, अठरा नंबरच्या बंपरपाशी या. येताना प्रत्येकानं चाकांची, भरलेली बॅग आणा, रिकामी चालणार नाही. एकाच्या पायाला क्रेप बँडेज घट्ट बांधू म्हणजे तो आत्या होईल. तिथून आपण तीन ठिकाणी जाऊ: महापालिकेसमोरच्या बसस्टॉपवर, पी. डिमेलो रोडच्या टॅक्सीकडे, आणि मेट्रोच्या दारात. रस्ता विचारायचा नाही, फक्त पाट्या वाचायच्या. जिथं बॅग उचलावी लागेल तिथं खडूनं फुली मारायची. खडू मी आणीन.

कळावे,

आपली,
फोर्टातली एक नोकरदार, पास चालू आहे

ता. क.: बाकड्यांचं लिहायचं राहिलं. बंपरपासून बाहेर पडेपर्यंत, दर खांबाला नको, पण एक खांब सोडून एक तरी पाठ टेकायला येईल असं बाकडं द्या. आत्या पुन्हा येणार आहे, या वेळी ऑपरेशनसाठीच. मेट्रोनंच जायचं म्हणते.